करिष्माचा जुना जबडा

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे. तोंड मात्र मला कधीच नव्हते.

माझा जन्म भिलईच्या एका दंत महाविद्यालयात झाला. करिष्मा नावाच्या मुलीने मापाच्या गुलाबी लगद्यात दात रोवले, ओकारी आवरली आणि दात पुन्हा बाहेर ओढले. मागे जी पोकळी राहिली, तिच्यात डॉक्टरांनी प्लास्टर ओतून मला घडवले. वरचे दात, खालचे दात, मागे एक बिजागरी. मला एक जुळा भाऊही होता. ऑपरेशनची रंगीत तालीम त्याच्यावर झाली. डॉक्टरांनी त्याला बारीक करवतीने कापले, मागे सरकवले, मेणाने चिकटवले आणि म्हणाले, “परफेक्ट.” तो काही बोलला नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

मला ‘आधीचा’ म्हणून फळीवर ठेवले. तिथे माझ्यासारखे पुष्कळ होते, सगळे हसत. जबड्याला हसण्यावाचून दुसरे काही येत नाही, हे बाहेरच्यांना कळत नाही. फरशी पुसणारी मैनाबाई आमच्याकडे पाठ करूनच पुसायची.

करिष्माचा खालचा जबडा पुढे आलेला होता. समोरचे दात एकमेकांना भेटतच नसत. दाताने पोळी तोडणे तिला बावीस वर्षांत जमले नव्हते. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि तिची आजी, गिरजाबाई, अडून बसल्या. कारण ती हनुवटी त्यांच्या मुलाची होती. प्रेमानंद, म्हणजे करिष्माचे वडील, रेल्वेत पॉइंट्समन होते. ते दोन वर्षांपूर्वी तापाने गेले. आई तर लहानपणीच गेलेली. घरात उरल्या या दोघी आणि ती हनुवटी.

“बापाचं तोंड हाय ते,” आजी दवाखान्याच्या बाकावरून म्हणाल्या. “एकदा जाळला त्याले, आता कापता?”

“आजी, मुँह तो मेरा है ना! मले दातानं तोडून खायचं हाय. लोकं बोलता बोलता इथंच पाहून राहते माह्या.”

“पाहू दे. तुह्या बापाकडे नव्हते पाहत? तरी लगन झालंच ना त्याचं?”

“बाबाले दाढी होती, आजी. मी काय करू?”

मग करिष्माने असा तोडगा काढला, जो फक्त प्रेमळ माणसालाच सुचतो. तिने डॉक्टरांकडे मला मागितले. “ले जाइए, हमारे पास स्कॅन है,” डॉक्टर म्हणाले. त्यांना फळीवर जागाच हवी होती. करिष्माने मला आजीच्या मांडीवर ठेवले.

“घे. बाबा घरीच राहतील. आता हो म्हन.”

आजींनी माझ्या दातांवरून अंगठा फिरवला. “बारीक झाला रे,” असे मला म्हणाल्या आणि ऑपरेशनला हो म्हणाल्या.

ऑपरेशन उत्तम झाले. करिष्मा सुजलेला चेहरा घेऊन घरी आली. वरचे-खालचे दात रबरांनी बांधलेले, जेवण म्हणजे सिरिंजमधून वरणाचे पाणी. सूज उतरली तशी खालून एक देखणी, अनोळखी मुलगी निघाली. शेजारणी खूश झाल्या. आजी तिला ‘तुमी’ म्हणू लागल्या.

मी शोकेसमध्ये प्रेमानंदांच्या फोटोशेजारी होतो. घर दुर्गच्या रेल्वेलाइनला लागून. मालगाडी गेली की शोकेस हादरते आणि माझे दात वाजतात, टक्. यात माझा दोष नाही, बिजागरी ढिली आहे. पण एकदा आजींनी विचारले, “जेवला काय रे, प्रेमानंदा?” आणि नेमकी तेव्हाच कोळशाची गाडी गेली. त्या दिवसापासून घरातला पहिला घास माझ्यापुढे येऊ लागला.

वस्तूंच्या आयुष्यात आधी कौतुक येते, मग हेळसांड. माझ्याकडे हेळसांड आलीच नाही. ती करिष्माच्या वाट्याला गेली.

रबरे निघाली त्या दुपारी तिने पोळी हातात घेतली आणि समोरच्या दातांनी तोडली. जन्मात पहिल्यांदा. ती ओरडलीच, “आजी! पाह्य ना इकडे! तुटली!”

आजी माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. “हळू बोला, बाई,” त्या न वळता म्हणाल्या. “तो जेवून राहिला.”

करिष्मा घास तोंडात तसाच धरून उभी राहिली. “मी करिष्मा हावो ना, आजी.”

“ते आपरेशनले गेली हाय,” आजी समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “येईलच आता. तुमी बसा.”

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला कंदिलांनी सांगितले असेल, छत्र्यांनी, सायकलींनीही. ते खरेच बोलतात. माझे मात्र उलटे आहे. तुमच्यापैकी कोणी या घरी आलात, तर चेंडू जरा जोरात फेका. मी नुसते प्लास्टर आहे, एका फेकीत काम होईल. आजी रडतील. मग त्यांचे डोळे पुसायला जी मुलगी धावेल, तिच्याकडे त्यांना पाहावेच लागेल.

पण लवकर या. आज आजींनी पुन्हा विचारले, “जेवला काय रे?” रुळांवर गाडी नव्हती आणि मी दात वाजवले नाहीत. एवढा विवेक अजून शिल्लक आहे. पण नाक नसताना मला पोळीचा वास आला, आणि मला भूक लागली होती.