शनिवारी आदळणारा ग्रह

मी एक जुनी दुर्बीण आहे. पितळी नळी एक, भिंगे चार, तिपाईचे पाय तीन. त्यांतला एक मागाहून बसवलेला, म्हणून जरा आखूड. माझे मोठे भिंग एका चष्मेवाल्याने दुकान बंद केल्यावर हाताने घासले. त्याची बायको प्रत्येक काच उजेडात धरून तपासायची. तिने ‘हं’ म्हटल्याशिवाय काच पुढे जात नसे. त्यांच्या मुलीने स्टुलावर उभे राहून माझ्यातून चंद्र पाहिला. पुढे ती शिकायला गेली आणि मी कपाटामागे गेले. मित्रांनो, दुर्बीण वापरून झिजते त्याहून जास्त ती पडून राहून बिघडते.

मुलीला दूरच्या वेधशाळेत नोकरी लागली. शुक्रवारी दुपारी निघायचे ठरले. गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या फोनवर बातमी आली: मावळतीला चमकतो तो नवा ग्रह आहे, रोज दुप्पट होतोय आणि शनिवारी पृथ्वीवर आदळणार.

“जायचं नाही,” आई म्हणाली. “मरायचंच असेल तर सगळे एका घरात मरू.”

“आई, तो शुक्र आहे गं.”

“त्याने येऊन सांगितलं का तुला? अहो, बोला ना काही.”

“मला मध्ये घेऊ नका,” चष्मेवाला म्हणाला. “मी दुर्बीण काढतो.”

सूर्य मावळताच मी गच्चीवर उभी राहिले. आईने डोळा लावला. निळ्या आभाळात पांढरीशुभ्र कोर थरथरत होती, एवढीशी, जणू दुसराच चंद्र. कित्येक वर्षांनी ती माझ्यात उतरली होती.

“गोल ग्रह असा अर्धवट? घासताना हात चुकलाय तुमचा,” आई नवऱ्याला म्हणाली.

“‘हं’ तूच म्हणाली होतीस.”

मग तिने दुकानातली रीत वापरली. दोष काचेत असेल, तर काच फिरवली की तोही फिरतो. तिने डोळ्याकडचे भिंग फिरवले, मग सगळी नळीच कड्यांत फिरवली. कोर होती तशीच राहिली.

“म्हणजे हे वरचंच आहे,” ती हळूच म्हणाली.

“सूर्याचा उजेड त्याच्यावर बाजूने पडतोय. चंद्रासारखंच,” मुलगी म्हणाली.

आईने बराच वेळ डोळा काढला नाही. “वाळलेले कपडे काढताना किती वर्षं बघतेय मी याला. तारा समजत होते.”

मुलीने मापाच्या रेघा कोरलेली काच डोळ्याकडच्या भिंगापाशी बसवली. कोरीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चौदा रेघा भरल्या.

“उद्या अठ्ठावीस झाल्या तर?”

“तर मी परत येईन. तो सध्या जवळून जातोय, म्हणून रोज किंचित वाढेल; दुप्पट नाही.”

 आईने विचारले, “डबा किती वाजता भरू?”

शुक्रवारी दुपारी मुलगी गेली. मित्रांनो, भिंगाला कधी बोट लावू नका. त्या संध्याकाळी आईने माझे भिंग मऊ फडक्याने टिपले, तसे टिपा. तिने कोर मधोमध आणली.

“किती भरल्या गं?” चष्मेवाल्याने जिन्यातून विचारले.

तिने पुन्हा एकदा मोजून पाहिले.

“चौदा. आणि वर पाव.”