दिरांच्या खिशातली बाटली

आमच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी आमच्या ह्यांना कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली. गुलाबी, लांबट, मधोमध रेघ. रात्रीचं जेवण झालं की मीच ती ह्यांच्या तळहातावर ठेवायची. काही महिन्यांत मांड्या-पोटऱ्या दुखायला लागल्या. ह्यांचं काम लेथवर लाकूड कातून खुर्च्यांचे पाय घडवायचं, तेही दिवसभर उभं राहून. आपलेच पाय गेले तर खुर्चीला कुठून देऊ, असं म्हणून हसायचे. पण जिना चढताना कठडा सोडत नसत.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दुखलं तर सांगा, गोळी बदलू, पण आपल्या मनानं सोडू नका. आम्ही जाणारच होतो. तेवढ्यात माझे धाकटे दीर आले. ते ताकदीच्या कॅप्सूल विकायचे. म्हणाले, गोळी म्हणजे विष. माझी कॅप्सूल घे, पायही सुधारतील आणि रक्तही. मी विचारलं, दोन्ही घेतल्या तर? तर म्हणे, वहिनी, दोन्ही डगरींवर पाय ठेवू नये.

पाठच्या भावाचा शब्द. ह्यांनी गोळी सोडली, तशी पायांची दुखी गेली. दिरांच्या कॅप्सूलचं घरोघर कौतुक झालं. मग एका सकाळी हे लेथपाशी खाली बसले ते उठलेच नाहीत. लेथ फिरतच होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दीर आठवडाभर आमच्याकडे राहिले, माझ्याहून जास्त रडले. जेवण झालं की पाठ फिरवून खिशातल्या बाटलीतून काहीतरी घ्यायचे. एकदा त्यांचा सदरा धुवायला घेतला तर बाटली खिशातच राहिलेली. वर कॅप्सूल, आणि तळाशी गुलाबी, लांबट, मधोमध रेघ.

मी बाटली होती तिथे ठेवली आणि सदरा न धुता खुंटीला लावला. लोक राग गिळतात. मी दाढेखाली धरून ठेवला.

पुढे दिरांनी मोठा हॉल घेऊन गिऱ्हाइकं जमवली आणि मला गळ घातली, वहिनी, दादाचे पाय कसे बरे झाले तेवढं सांगा. मी म्हटलं, सांगेन की.

हॉल भरला होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, ह्यांचे पाय खरंच दुखायचे थांबले, कारण ह्यांनी गोळी सोडली. कॅप्सूल घेतली नसती तरी थांबले असते. मग दिरांपुढे हात पसरला.

"भाऊजी, खिशातली बाटली द्या."

"वहिनी, घरातलं घरात बोलू."

"घरात माणूस ठेवला असतात, तर घरातच बोलले असते."

लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी बाटली दिली. मी ती टेबलावर उपडी केली. पुढच्या रांगेतली एक बाई उठून जवळ आली. तिनं एक गोळी बोटांत धरली आणि दिरांकडे पाहिलं.

"ही तर माझीच गोळी. तुम्ही मला सोडायला लावलीत ती."

मागून खुर्च्या सरकल्याचे आवाज येत राहिले. दुसऱ्या दिवशीपासून लोक विकत घेतलेले कॅप्सूलचे डबे आणून दिरांच्या पायरीवर ठेवून जाऊ लागले. कुणी भांडलं नाही. डबा ठेवायचे आणि वळायचे.

वर्षभरानं दीर माझ्या दारात आले. दुकान बंद, बायको माहेरी. म्हणाले, वहिनी, चुकलं, माफ करा. मी त्यांना जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर पाण्याचा पेला पुढे ठेवला.

"गोळी घ्या, भाऊजी. एकही दिवस चुकवू नका. तुम्ही खूप वर्षं जगायला हवं."

त्यांनी मान खाली घालून घेतली. अजूनही महिन्यातून एकदा मी त्यांना जेवायला बोलावते आणि पेला पुढे ठेवते. ते येतात.

आमचे हे धाकटीला मुलगी झाली त्याच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, कामावर वारले. दीर जिवंत आहेत.