झिजलेले कोपरे

"परत तेच!" मेकॅनिकने, म्हणजे सगळे ज्याला 'चौकशी' म्हणत त्याने, गिअर उजेडात धरला. "दात बघा, कसे ठणठणीत आहेत. आणि हे मधले खुंट? चोखलेल्या गोळीसारखे गुळगुळीत."

फेरीबोटीची मालकीण वाकून बघू लागली. बोटीच्या मागे पाण्यात उतरणारा गिअरचा डबा टेबलावर उघडा पडला होता. वर्कशॉपात त्याला सगळे शेपूट म्हणत. लिव्हर सरकवला की आतला क्लच गिअरच्या खुंटांत अडकतो आणि पंखा फिरतो. खुंटांचे कोपरे झिजले की पकड सुटते. काल ती भर पाण्यात सुटली होती आणि बोट प्रवाशांसकट तरंगत बसली होती.

"मला खोलात शिरायचं नाही," मालकीण म्हणाली. "तुमचं काम कच्चं असेल तर तसं सांगा. नाहीतर मामांचं वय झालं. त्यांना तिकिटाच्या खिडकीत बसवते."

मामा म्हणजे बोट चालवणारे. ते दाराशीच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि टोपी या हातातून त्या हातात घेतली.

चौकशीला हे नाव वर्कशॉपनेच दिलं होतं. मोडलेलं बदलून तो कधी गप्प बसला नाही; का मोडलं हे कळेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे. बायको म्हणायची, "शेजाऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसत नाहीत हे माझं नशीब. सगळं नाक गिअरात."

त्याने नवा गिअर आणि क्लच बसवला. खाली पातळ चकत्या घालून, काढून, फट नेमकी जमवली. दातांना निळी शाई फासून हाताने फिरवलं, तर शाईचा ठसा दातांच्या बरोबर मधोमध. डब्यात हवा भरून साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा नाही. लिव्हरची केबलसुद्धा चोख निघाली. एरवी तो खूश झाला असता. आज जीव टांगणीला लागला, कारण डब्यात खोट नाही म्हणजे खोट मामांच्या हातात. आणि मामा त्याला मनापासून आवडायचे.

"मामा, चला, एक चक्कर मारू. मी येतो बरोबर."

बोटीत दोघंच होते. मामा सुकाणूपाशी बसले, चौकशी मागे उभा राहून त्यांच्या हाताकडे टक लावून बघू लागला. झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं इतक्या हळू मामांनी लिव्हर पुढे सरकवला. खालून कर्रर्र आवाज आला, मग कुठे पंख्याने पाणी धरलं.

"थांबा, थांबा! बंद करा!" चौकशीला आनंद लपवता येईना. "सापडलं! अहो, लाड करताय तुम्ही त्याचे! हा लिव्हर खाट्कन टाकायचा असतो. हळू टाकला की खुंट नुसते एकमेकांवर घासतात. कोपरे तिथंच जातात."

"खाट्कन टाकला की बोट हिसका देते."

"देऊ दे की! कुणाला काय होतंय?"

मामांनी शेजारच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं.

"हिची पाठ गेली होती ना. पलीकडच्या दवाखान्यात न्यायचो, इथं बसवून. हिसका बसला तरी ओरडायची नाही. नुसते डोळे मिटायची. मग हातच शिकला हळू टाकायला."

"आता बऱ्या आहेत?"

"गेली. मागच्या हिवाळ्यात."

चौकशीला स्वतःच्या जिभेचा संताप आला. पण बोलणं भाग होतं.

"मामा, बोट तुमच्याकडेच राहील. मालकिणीला मी समजावतो. फक्त आता..."

"कळलं."

मामांनी इंजिन पुन्हा सुरू केलं, तळवा पँटला पुसला आणि लिव्हर टाकला. खट्! घासण्याचा आवाज नाही, काही नाही. बोट हिसका देऊन पुढे निघाली. त्याच क्षणी मामांचा दुसरा हात आपोआप शेजारच्या बाकावर आडवा गेला.

"बरोबर?" मामांनी मागे न बघता विचारलं.

"अगदी बरोबर," चौकशी म्हणाला.

बोट संथ चालू लागली. जेटी येईपर्यंत मामांनी तो हात तिथून काढला नाही.