राखून ठेवलेली आत्या

सोमवारी सकाळी अकरा वाजता वाहिनीने आमचा कार्यक्रम बंद केला आणि सव्वाअकराला आम्हाला चहा पाजला. वाहिनीची माणसं वाईट नसतात, गळा कापायच्या आधीही चहा देतात आणि नंतरही. शेवटचा भाग शनिवारी दाखवू, म्हणाले, म्हणजे शूटिंग गुरुवारी. निघता निघता एक गाजरही दाखवून गेले, "हा भाग बघून लोक धाय मोकलून रडले, तर वरती पुन्हा एकदा बोलून बघू."

गाजरामागे चाळिशी उलटलेली माणसंही धावतात, हे मी त्या आठवड्यात स्वतःवरूनच शिकले.

आमचा कार्यक्रम ताटातूट झालेल्या माणसांची गाठ घालून देणारा. भांडून तुटलेले भाऊ, सोडून गेलेली आई, शाळेतली मैत्रीण. त्यांना हुडकून काढायचं काम माझं. नऊ वर्षं मी दुसरं काही केलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला दुसरं काही येतही नाही. या कामाचा एक कडक नियम होता. कॅमेरा चालू होण्याआधी दोघांनी एकमेकांना बघायचं नाही. दोन गाड्या, दोन दारं, दोन मजले. आणि कुणी मनातलं आम्हाला आधीच सांगायला लागलं, तर त्याला थांबवायचं. माणूस एखादी गोष्ट पहिल्यांदा सांगतो तेव्हा रडतो, दुसऱ्यांदा नुसती सांगतो. हे आमच्या दिग्दर्शकांचं तत्त्वज्ञान. त्यांना आम्ही पाठीमागे पाणीवाले म्हणायचो, कारण शूटिंग चालू असताना आमच्या कानातल्या यंत्रातून त्यांचा एकच प्रश्न यायचा, "पाणी आलं का?"

शेवटच्या भागासाठी दोन सख्खे भाऊ ठरले होते. मंगळवारी थोरल्याचा फोन आला.

"ताई, आम्ही काल भेटलो. त्याच्याच घरी जेवलो. आता तिकडे कशाला येऊ?"

"अहो, पण भेटू नका म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला!"

"भाऊ आहे हो माझा," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

ऑफिसात सुतक पडलं. पाणीवाल्यांनी डोकं धरलं. मेकअपच्या मावशी उगाच ब्रश धुवत बसल्या. चाळीस माणसं एकमेकांची तोंडं बघत होती, आणि त्या शांततेत मला माझाच आवाज ऐकू आला, "माझ्याकडे आहे एक."

ती एक म्हणजे माझी सख्खी आत्या.

बाबा गणिताचे मास्तर. आईवडिलांच्या माघारी धाकट्या बहिणीला त्यांनीच लहानाचं मोठं केलं. तिने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा मास्तरांचा अहंकार आडवा आला. "तू मला मेलीस," एवढं बोलून त्यांनी दार लावलं. तिची पत्रं आली, ती न फोडता परत गेली. पुढे पत्रंही थांबली, आणि बघता बघता एकतीस वर्षं झाली. आमच्या घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. बाबा स्वतःही काढत नसत, पण फोटोंच्या वहीतलं तिचं पान त्यांनी कधी फाडलं नाही.

पाच महिन्यांपूर्वी दुसऱ्याच एका बाईला शोधत मी एका गावी गेले होते. शिवणकामाच्या दुकानात पत्ता विचारला, तर मशीनवरच्या म्हातारीने चष्मा वर केला आणि म्हणाली, "हे नाक आमच्या घरातलं आहे. कुणाची गं तू?" मी तिथेच मटकन बसले. आत्या हसली, रडली, पुन्हा हसली. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "दादाला माझा एक निरोप सांग. त्याला म्हणावं..."

आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला. लाडाने ठेवला, पण ठेवला. "आत्या, आत्ता नको. राखून ठेवा. कॅमेऱ्यासमोर सांगा, बाबांच्या तोंडावर."

"तू म्हणशील तसं," ती म्हणाली. "एकतीस वर्षं राखलंय. आणखी चार दिवसांनी काय होतंय?"

ते चार दिवस मी पाच महिने लांबवले. घरात पाहुण्यांसाठी नवी चादर कपाटात घालून ठेवतात ना, तशी मी आत्याला ठेवली. कार्यक्रम अडचणीत आला की काढू. बाबांना एक अक्षर बोलले नाही. तेव्हा त्याचं मला काही वाटलं नाही, उलट स्वतःच्या धोरणीपणाचं कौतुकच वाटलं होतं.

मंगळवारी दुपारी मी आत्याच्या घरी फोन लावला. तिच्या मुलीने उचलला. आम्हा आत्तेमामेबहिणींचं नातं तेव्हा अवघं पाच महिन्यांचं.

"आई येईल," ती म्हणाली. "पण तिला आता बोलता येत नाही. अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दोन महिने झाले."

"मला कळवलं का नाहीस?"

"तूच म्हणाली होतीस ना, मी फोन करेपर्यंत थांबा म्हणून. आम्ही थांबलो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला भांडता तरी आलं असतं. मी पाणीवाल्यांकडे गेले. वाटलं होतं, ते म्हणतील, मग राहू दे. ते खुर्चीतून उठले. "बोलता येत नाही? अगं, मग तर सोनंच आहे! तुझ्या वडिलांना मात्र काही सांगू नकोस. चेहऱ्यावर सगळं ताजं यायला हवं."

तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पण बाहेर मावशी ब्रश धूत होत्या, आणि मला ते गाजर दिसत होतं.

बाबांना मी सांगितलं, माझ्या कामाचा शेवटचा दिवस आहे, एकदा येऊन बघा. एरवी ते कार्यक्रमाला नावं ठेवायचे. दुसऱ्याच्या जखमा उघड्या करायच्या आणि वर टाळ्या वाजवायच्या, असं म्हणायचे. पण गुरुवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून माझ्या आधी दारात तयार उभे होते.

त्यांना खालच्या मजल्यावरच्या खोलीत बसवलं. आत्या आणि तिची मुलगी वरच्या मजल्यावर. मधे अठरा पायऱ्या. दिवे लावायला तीन तास लागले. त्या तीन तासांत मी चार वेळा खाली गेले, दर वेळी सांगून टाकायचं ठरवून. चौथ्या वेळी बाबाच आधी बोलले.

"बाळा, तुला सांगत नाही मी, पण तुझा एकही भाग चुकवला नाही." ते भिंतीकडे बघत होते. "आता तुला वेळ मिळेल. तर माझं एक काम कर. आमच्या चिमीला शोध."

मी कानातलं यंत्र चाचपलं.

"फार काही नको मला. माफी तिने का द्यावी? दोन शिव्या घातल्या तरी चालेल. मरायच्या आधी एकदा तिचा आवाज ऐकायचाय. फोनवर ऐकला तरी पुरे."

मुलगी म्हणून मी तिथे त्यांच्याजवळ बसायला हवं होतं, बसले नाही. कानातून पाणीवाले सांगत होते, "आणा त्यांना," आणि मी म्हणाले, "शोधू हं, बाबा. चला, सेट बघायला."

दिव्यांमुळे त्यांना आधी काहीच दिसलं नाही. मग सेटचं खोटं दार उघडलं, आत्तेबहिणीने चाकांची खुर्ची आत ढकलली, आणि बाबा जागच्या जागी थांबले. ओळखायला एक क्षणही लागला नाही. निवेदिका काहीतरी पाठ केलेलं बोलत होती, ते कुणाच्याच कानावर पडत नव्हतं.

"चिमे," बाबा म्हणाले.

आत्याचा डावा हात उचलला गेला. तोंड उघडलं. आतून काही आलं नाही.

"बोल. काय वाटेल ते बोल. मी नालायक आहे, म्हण."

तिने पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. बाबा वाट बघत राहिले. चार कॅमेरे त्यांच्यावर रोखलेले होते. मग बाबांनी मान खाली घातली.

"नाही ना बोलणार माझ्याशी?" ते म्हणाले. "बरोबर आहे तुझं. मीही तुझी पत्रं फोडली नव्हती."

त्यांनी बहिणीपुढे हात जोडले आणि ते परत फिरले. आत्या त्या एका हाताने खुर्चीच्या दांड्यावर थापा मारायला लागली. तिला ओरडायचं होतं, थांब म्हणायचं होतं, आणि तिच्या घशातून नुसता वारा येत होता. माझ्या कानात पाणीवाले, "कुणी हलू नका! जाऊ दे त्यांना! देवा, काय भाग होतोय!"

मी हलले. नऊ वर्षांत पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या पुढे गेले आणि बाबांचा दंड धरला.

"बाबा, ती अबोला धरून नाही बसली. तिला बोलताच येत नाही. झटका येऊन वाचा गेलीय."

बाबा वळले. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कधी?"

"दोन महिने झाले."

"आणि तुला ती कधी सापडली?"

खोटं बोलता आलं असतं. कालच सापडली म्हटलं असतं तर आत्तेबहीणसुद्धा बहुधा गप्प राहिली असती. पण बाबा माझ्याकडे फळ्याशी उभ्या केलेल्या मुलीकडे बघावं तसे बघत होते, आणि त्या नजरेपुढे मला लहानपणापासून कधी खोटं बोलता आलेलं नाही.

"पाच महिने झाले."

त्यांचे ओठ हलले. एवढीशी वजाबाकी, पण त्यांना वेळ लागला.

"म्हणजे तीन महिने ती बोलत होती," बाबा म्हणाले. "तुला ठाऊक होतं, आणि ती बोलत होती."

"हो."

"मग काय म्हणाली? माझ्याबद्दल काही म्हणाली असेल ना?"

त्यांच्या आवाजात अजून आशा होती. तीच मला सहन झाली नाही. राग करून त्यांनी माझ्या मुस्कटात दिली असती तर बरं झालं असतं.

"निरोप सांगत होती तुमच्यासाठी," मी म्हणाले. "मी सांगू दिला नाही. म्हटलं, राखून ठेवा, कॅमेऱ्यासमोर सांगा."

"पाणी," कानात पाणीवाले हळूच म्हणाले. त्यांचाही आवाज ओला होता. "शाबास पोरी. पाणी आलं."

बाबा गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि बहिणीच्या मांडीवर त्यांनी डोकं ठेवलं. तिचा डावा हात त्यांच्या पांढऱ्या केसांतून फिरत राहिला. किती वेळ, कोण जाणे. मग ते उठले, सदरा नीट केला आणि माझ्याकडे न बघता मलाच म्हणाले, "बाई, तुमचं काम झालं असेल तर आम्ही निघतो. मी चिमीकडे राहीन."

त्यांनी खुर्चीचे दांडे धरले. मी खुर्चीच्या पुढ्यात बसकण मारली आणि चाकं धरून ठेवली. कानातलं यंत्र ओढून काढलं. चाळीस माणसांसमोर मी हमसून हमसून रडत होते आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं.

"आत्या, सांगा," मी म्हणाले. "आता सांगा. मी ऐकते. नुसता एक शब्द सांगा, पुढचं मी ओळखीन. दादाला काय म्हणावं, आत्या?"

आत्या माझ्याकडे बघत होती. तिने मान ताठ केली, ओठ जुळवले, गळ्याच्या शिरा ताणल्या. कपाळावर घाम आला. बाबा वाकून तिच्या तोंडाशी कान नेऊन उभे राहिले.

ती खूप वेळ प्रयत्न करत होती.