बारावा खांब

आमच्या दादासारखा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. मीही काही कमी नाही, म्हणूनच आमचं जमलं. लोकांच्या खिशात मावणारे कॅमेरे आले, तेही जाऊन फोन आले, तरी हा आपली ती लाकडी पेटी, ट्रायपॉडचं धूड आणि काळं कापड पाठीवर टाकून रानोमाळ हिंडायचा. एका वेळी एकच फिल्म, वहीच्या पानाएवढी. अख्ख्या दिवसात एखादा फोटो, तोही सगळं मनासारखं जुळलं तर. नाही जुळलं तर हात हलवत परत यायचा आणि वहिनीवर खेकसायचा, जणू वारा तिनंच सोडला होता.

मला हे काम त्यानंच शिकवलं. मी एका स्टुडिओत फोटोंवरचे डाग पुसायची नोकरी करत होते आणि त्यातच खूश होते, पण सुट्टीच्या दिवशी हा मला झोपेतून ओढून न्यायचा. कापडाखाली डोकं घालायचं, मागच्या दुधी काचेवर पाहायचं, तिथं सगळं उलटं, डोंगर वर टांगलेले आणि आभाळ पायाशी. "उलटं दिसतं म्हणून कुरकुर करू नकोस," म्हणायचा, "सुलटं पाहून तरी लोक काय दिवे लावतात?"

आणि एक नियम. फिल्म एका चपट्या होल्डरमध्ये असते आणि तिच्यावर सरकती पाटी असते, उजेड लागू नये म्हणून. पाटीच्या मुठीची एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी बाहेर म्हणजे आत कोरी फिल्म. फोटो काढायला पाटी ओढायची, काढून झाला की उलटी करून परत घालायची. काळी बाहेर दिसली की समजायचं ही फिल्म वापरली, हिला पुन्हा हात लावायचा नाही. चाळीस वर्षं कानीकपाळी ओरडला. मी एकदाच विसरले, तर वर्षभर येता-जाता टोमणे. त्याच्याकडून मात्र कधी चूक झाली नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

गावाबाहेर पाणथळ आहे. तिच्यात विजेचे बारा खांब, काठापासून एका रांगेत आत गेलेले, थोडे कललेले. लाइन बंद होऊन जमाना झाला, तारासुद्धा उरल्या नव्हत्या. वर्षातून आठ-दहा दिवस सूर्य समोरच्या दोन टेकड्यांच्या फटीतून उगवतो आणि दहा मिनिटं उजेड नेमका त्या रांगेवरून सरकतो. दादाला तो फोटो हवा होता, पाणी अगदी थिजलेलं असताना. अकरा वर्षं तो त्या दहा मिनिटांसाठी जात होता. कधी धुकं, कधी ढग, कधी वारा. यंदा कळलं की वीज खातं खांब उपटणार. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

उजेड सुरू झाला त्या पहिल्याच सकाळी तो पाणथळीवर गेला आणि तिथंच पडला. पाणथळीतल्या नाववाल्यानं पाहिलं म्हणून निभावलं. त्यानं आधी दादाला दवाखान्यात पोचवलं आणि मग सगळं सामान घरी आणून टाकलं, ट्रायपॉडवर घट्ट बसवलेल्या कॅमेऱ्यासकट. उजवं अंग गेलं होतं. बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. डॉक्टर वहिनीला बाजूला घेऊन म्हणाले की दुसरा झटका आला तर हाती काही राहणार नाही, आणि तो कधीही येईल.

दादाला आदल्या संध्याकाळपासूनचं काहीच आठवत नव्हतं. चौथ्या दिवशी घरी आणल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं असेल?

"होल्डर?"

मी पाहून आले. "कॅमेऱ्यातच आहे. पांढरी बाहेर."

त्यानं तोंड फिरवलं. उशी ओली झालेली मला दिसली. "राहिला," म्हणाला. "फिल्म घातली आणि पडलो. राहिला गं."

त्याला रडताना मी आईच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. "अरे, मी जाते ना उद्या," मी म्हटलं. "उजेड अजून आहे. मी काय मेलेय का?"

घरात तेवढी एकच फिल्म उरली होती, नवं खोकं यायला महिना लागणार होता. दुसऱ्या कुठल्या फिल्मचा प्रश्नच नव्हता. तो वाकड्या तोंडानं मला तासभर सूचना देत बसला, ट्रायपॉडचे पाय कुठल्या दगडांपाशी रोवायचे, भिंगाचं तोंड किती बंद करायचं, किती सेकंद मोजायचे. "घाई करू नकोस. आणि पाटी…"

"उलटी करते. माहितीये!" मी ओरडले.

पहाटे उठून गेले. साठीच्या बाईनं ते ओझं कसं वाहिलं ते माझं मला ठाऊक. काठावर वीज खात्याची गाडी लागलेली होती आणि पहिला खांब आदल्या दिवशीच काढून आडवा टाकलेला. अकरा उरले होते. माणसं अजून चहाच पीत होती. मी त्यांच्या मुकादमाला हात जोडले, म्हटलं दहा मिनिटं द्या, नंतर सगळं उपटा. तो भला होता, थांबला. पाण्यावर बारीक शिरशिरी होती, वारा काही पुरता पडेना. उजेड आला, रांगेवरून सरकला. मी पाटी ओढली, वीस सेकंद मोजले, पाटी उलटी करून घातली. केलं सगळं नीट. वाटेत मी स्वतःशी गाणं म्हणत आले, खोटं कशाला बोलू.

दुपारी न्हाणीघराच्या खिडकीला जाड घोंगडी लावली, दाराखाली पोतं सारलं आणि अंधारात ट्रे हलवत बसले. फिल्म पक्की झाल्यावर दिवा लावला, निगेटिव्ह उजेडाकडे धरलं.

फार काळं आलं होतं, दुप्पट उजेड खाल्ल्यासारखं. प्रत्येक खांबाशेजारी आणखी एक खांब, बोटभर सरकलेला. मला आधी वाटलं ट्रायपॉड हलला. मग मी मोजले. खांबांच्या अकरा जोड्या होत्या. आणि सगळ्यात पुढे, काठापाशी, एक खांब एकटाच, पुसट. मी गेले तेव्हा तो जमिनीवर आडवा पडलेला होता.

मी तशीच ओल्या हातांनी नाववाल्याकडे गेले. "त्या दिवशी दादा काय करत होता?" म्हणून विचारलं. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, पण डोक्यात आलंच नाही. पांढरी बाजू बाहेर होती ना!

"घड्याळ बघून मोठ्यांदा आकडे मोजत होते," तो म्हणाला. "पाणी असं होतं ताई त्या दिवशी, वल्हं मारायला जिवावर आलं. वीस झाल्यावर हसले. मग त्या पेटीत काहीतरी ढकललं आणि खाली बसले. मला वाटलं दमले."

फोटो झाला होता. अकरा वर्षांनी, हवा तसा, थिजलेल्या पाण्यासकट झाला होता. फक्त पाटी उलटी न करता तशीच आत गेली, कारण हातातलं बळ तेव्हाच चाललं होतं. आणि मी त्याच फिल्मवर माझा फोटो चढवून त्याचा सत्यानाश केला.

वहिनीला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. तिनं आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "त्यांना सांगू नका. फिल्मला उजेड लागला म्हणा. काय करायचंय आता?"

तिचं चूक नव्हतं. खोटं बोलले असते तर कुणाला कळणार होतं? पण मग तो 'राहिला' म्हणतच गेला असता. त्याला झाला होता हे सांगायचं, तर कुणी घालवला हेही सांगावं लागणार. अर्धं सांगायची सोय नव्हती. मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं आणि निगेटिव्ह घेऊन त्याच्या खोलीत गेले.

"दादा, तुझा फोटो झाला होता."

त्यानं मान माझ्याकडे वळवली.

"पाटी उलटी न करताच घातलीस आणि पडलास. फिल्म कोरी नव्हती. मी तिच्यावर दुसरा काढला." आणि निगेटिव्ह खिडकीशी धरलं.

किती वेळ त्यानं पाहिलं कोण जाणे. माझा हात भरून आला, पण खाली घ्यायची हिंमत होईना. डावं बोट वर करून तो एकेक खांब मोजत होता. बारापर्यंत गेला.

"पाणी?" त्यानं विचारलं.

"थिजलेलं होतं. नाववाला म्हणाला. माझ्या वेळी वारा होता."

"झाला होता," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, आणि पुन्हा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वाकडं तोंड हसत होतं. मला वाटलं, जिंकलं. मी त्याचा हात धरायला गेले. त्यानं तो काढून घेतला.

"तू जा," म्हणाला.

त्यानंतर तो नऊ दिवस होता. रोज सकाळी वहिनीकडून निगेटिव्ह खिडकीशी धरून घ्यायचा, मान हलवायचा. तिच्याशी बोलायचा, डॉक्टरांशी बोलायचा, नाववाला आला तर त्याच्याशीही. मी आत पाऊल टाकलं की डोळे मिटायचा. मी रोज गेले. शेजारी बसून भांडले. "अरे हट्टी माणसा, चूक तुझीही आहे! शिव्या दे, टोमणे मार, काहीतरी बोल!" डोळे मिटलेलेच.

वहिनी अजून म्हणते, सांगायलाच नको होतं. मी म्हणते, आपला फोटो झाला होता हे कळून तो गेला, आणि ते त्याला मीच दिलं. पण ज्यानं चाळीस वर्षं मला उठता-बसता बोल लावले, त्यानं शेवटी एकसुद्धा लावला नाही. ते मला सोसत नाही.