वॉर्डभर विनिफ्रेड

“हे सांगितलं तर कोणाच्या बापाला खरं वाटायचं नाही,” असं म्हणून विनिफ्रेड सिस्टरनी डब्यातला बोंबील उचलला, आणि रिनीला कळलं, आता गोष्ट ऐकल्याशिवाय आपली सुटका नाही.

रिनी मिझोरामची. कल्याणच्या या हॉस्पिटलात आल्यापासून ती मराठी शिकली, रात्रपाळ्यांना सरावली, बोंबीलसुद्धा तिने आपलासा केला. पण आज सकाळी खिडकीजवळच्या शहाडच्या आजोबांनी इंजेक्शन पाहून हात मागे घेतला. “ती चायनावाली नको. दुसरी पाठवा.” आणि इन्चार्ज मंदाकिनी मॅडमनी नेहमीसारखी दुसरी पाठवली. पेशंट नको म्हणाला की सिस्टर बदलायची, वाद घालायचा नाही, हा वॉर्डाचा जुना रिवाज. रिनी आता नोकरी सोडायचं ठरवूनच जेवायला बसली होती, आणि तसं तिने विनिफ्रेडना सांगूनही टाकलं होतं. शेजारच्या टेबलावर मंदाकिनी मॅडम गॉजच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नव्हती.

“कोविडमधली गोष्ट,” विनिफ्रेड म्हणाल्या. “आंबिवलीचा एक काका. ऑक्सिजनवर, पण तोंड चालू. म्हणे, ती काळी सिस्टर मला हात लावणार नाही. काळी म्हणजे मी. आता तेव्हा आम्ही सगळे किटमध्ये, नखशिखांत पांढरे. कोण काळं नि कोण गोरं, ते छातीवर मार्करने लिहिलेल्या नावावरूनच कळायचं. तर आपल्या मंदाने काय करावं?”

गॉजवरचा हात थांबला.

“मार्कर उचलला आणि स्वतःच्या छातीवर लिहिलं, विनिफ्रेड. मग बाकीच्या सिस्टरांनी लिहिलं. डॉक्टरांनी लिहिलं. सफाईवाला बाबुराव, एवढ्या मिशा त्याच्या, तोही विनिफ्रेड. काका बघतोय तर सलाईनला विनिफ्रेड, लादी पुसायला विनिफ्रेड, राउंडला विनिफ्रेड.”

“मग काका काय बोलला?” रिनीने ओठ दाबून विचारलं.

“बोलतो काय. दुपारपर्यंत रुसला. मग म्हणाला, बाई, कुठलीही विनिफ्रेड चालेल, पण कोणीतरी चहा द्या. आणि घरी गेला तो असा सुधारून, की नात झाली तिचं नाव ठेवलं विनिफ्रेड. विनिफ्रेड भोईर. बारशाला मला मोहने गावापासून बँड लावून नेलेलं.”

रिनीला घास गिळवेना, इतकं हसू आलं. मग ती थांबली. “पण सिस्टर, मॅडमनी सच्ची तुमचं नाव लिहिलेलं?”

“बसलीय ना समोर. विचार तिला.”

मंदाकिनी मॅडमनी हातातली घडी खाली ठेवली. विनिफ्रेडकडे पाहिलं. विनिफ्रेड मन लावून काटा काढत होत्या.

“खोटं बोलतेय ही,” मॅडम म्हणाल्या. “कोणी काही लिहिलं नव्हतं. काकाला मी दुसरी सिस्टर दिली आणि हिला खालच्या वॉर्डात पाठवलं. तू जेवून घे, रिनी. मग आजोबांकडे आपण दोघी जाऊ. दुपारचं इंजेक्शन तू देशील. दुसरी कोणी येणार नाही, हे त्यांना मी सांगेन.”