शेव्हेलमधली शेजारची सीट

उन्हाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी अँडरसन गावाच्या मोठ्या रस्त्यावरून जुन्या गाड्यांची वरात निघते. व्हर्लिन स्टकीची निळी शेव्हेल तिच्यात हटकून पुढे असायची. सत्तर सालची गाडी, पण इंजिनचा आवाज असा की हॉटेलाच्या काचा थरथराव्यात. तिच्या मागे थोडं अंतर राखून एक पांढरी छोटी गाडी मुकाट येई. तीत व्हर्लिनची बायको नेडीन, दोघांच्या घडीच्या खुर्च्या आणि बर्फाची पेटी. नवरा पुढे, बायको मागे, आणि दोघांच्याही शेजारची सीट रिकामी. गाव हसायचं. व्हर्लिन म्हणायचा, खुर्च्या शेव्हेलमध्ये मावत नाहीत. खुर्च्या तीस वर्षं मावत होत्या, हे गावाला ठाऊक होतं.

खरी गोष्ट गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीची, पहिली वरात निघण्याआधीची. मक्याच्या शेतांमधल्या अरुंद रस्त्यावर समोरून मक्यानं भरलेला ट्रक आला आणि नेमकी तेव्हाच शेव्हेल आपखुशीनं ट्रकच्या अंगावर सरकली. व्हर्लिननं तिला ओढून परत आणली. ट्रकवाला बराच वेळ भोंगा दाबून राहिला. शेजारी नेडीन होती. घरी आल्यावर तिनं गाडीतल्या समोरच्या कप्प्यातून आपला गॉगल आणि हातरुमाल काढून घेतले. भांडणाऱ्या बायकोची समजूत काढता येते. सामान उचलणारीशी काय बोलायचं, हे व्हर्लिनला आजवर कोणी शिकवलं नव्हतं.

त्यानं आयुष्यभर बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काम केलेलं. दुसऱ्यांच्या मालात खोट शोधण्याचा पगार घेतलेला माणूस. घरच्या मालात खोट आहे हे कबूल करायला त्याला सगळी थंडी लागली असती. पण रिकाम्या सीटनं घाई केली. ख्रिसमसआधीच तो रॉस्को प्रुइटच्या गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिला.

रॉस्को त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं गाडी वर उचलली, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. खड खड वाजलं.

"म्हाताऱ्या, ही गाडी तू चालवत नव्हतास," रॉस्को म्हणाला. "तू हिला विनवण्या करत होतास."

स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांपर्यंत निरोप पोचत नव्हता. सांध्यांतले रबराचे बुश जुन्या बिस्किटासारखे हातात भुगा होऊन आले. थंडीभर दोघं पुढच्या भागाला भिडले. स्प्रिंग काढताना ती उसळून कोणाचं डोकं फोडू नये म्हणून साखळीनं बांधली. चाक धरणारे वरचे-खालचे आर्म नवे, बॉल जॉइंट नवे, टाय रॉड नवे, आणि सगळ्यात शेवटी स्टिअरिंगचा नवा बॉक्स, असा चपळ की जराशा इशाऱ्यावर चाक वळावं. नेडीन गॅरेजकडे फिरकली नाही. एकदाच तिनं जेवताना विचारलं, "सरळ चालेल?"

"दोरी धरल्यासारखी," व्हर्लिन म्हणाला. शब्द तोंडातून निघून गेला, आणि आता तो पाळणं आलं.

बर्फ वितळल्यावर गाडी रस्त्यावर आली आणि प्यायल्यासारखी चालू लागली. इकडे झोक, तिकडे झोक. व्हर्लिन घामाघूम होऊन परत आला. रॉस्कोनं चाकांचं अलाइनमेंट पुन्हा तपासलं, बरोबर होतं. व्हर्लिन पुन्हा गेला, पुन्हा तसाच आला. दोघांनी एकेक नट पाना लावून पाहिला. एकही ढिला नव्हता.

"माझं मशिन खोटं बोलत नाही," रॉस्को म्हणाला.

"मग कोण बोलतंय?"

रॉस्को व्हर्लिनच्या हातांकडे बघत राहिला आणि मग चिंधीनं आपले हात पुसत बसला. त्यानं चावी मागितली असती तर सगळा उलगडा तिथेच झाला असता. पण जुन्या गाड्यांच्या या शौकिनांत एक रीत आहे. दुसऱ्याच्या गाडीचं इंजिन बघावं, वास घ्यावा, हवं तर नावं ठेवावीत. स्टिअरिंग मागू नये. मालकानं आपणहून चावी पुढे केली तरच बसायचं. आणि व्हर्लिननं चावी पुढे केल्याचं कोणाच्याही ऐकिवात नव्हतं. अलाइनमेंटच्या रॅकवरसुद्धा गाडी तोच चढवायचा. गावकऱ्यांच्या मते तो गाडीबरोबर नांदत होता आणि नेडीन शेजारी राहत होती.

वरातीच्या मोसमाचा पहिला शनिवार जवळ आला. स्टिअरिंगचा बॉक्सच सदोष आहे, तो उपसून काढायचा, असं व्हर्लिननं ठरवलं. पण तपासनीस पुराव्याशिवाय माल परत पाठवत नाही. चाकं रस्त्यावर नेमकी कुठे हलतात ते बाहेर उभं राहून बघायला हवं होतं. म्हणजे गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायला हवी. रॉस्को गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी पडलेला. उरली एकच व्यक्ती.

नेडीन बागेत टोमॅटोची रोपं लावत होती. व्हर्लिननं चावी पुढे केली आणि काय करायचं ते समजावलं. हळू जा, माझ्यासमोरून जा, मी चाकं बघतो.

तिनं चावीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुला बरं नाही का?"

"मला बरं आहे. गाडीला नाही."

मक्याच्या शेतांमधल्या त्याच रस्त्याच्या कडेला व्हर्लिन उकिडवा बसला. नेडीननं सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला. शेव्हेल निघाली. ती त्याच्यासमोरून गेली ती सरळ. पुढेही सरळच गेली. वळणावर निमूट वळली, शेताआड दिसेनाशी झाली, आणि नुसता आवाज येत राहिला. व्हर्लिन उभा राहिला. परतायचं कबूल केलं होतं त्याच्या कितीतरी पुढे ती गेली होती. त्याच्या मनात ट्रक येऊन गेला.

बऱ्याच वेळानं ती परत आली, त्याच सरळ रेषेत. काच खाली करून म्हणाली, "काय झालंय हिला?"

"डोलते."

"कोण?"

व्हर्लिन शेजारच्या सीटवर जाऊन बसला. आपल्या गाडीत या बाजूनं तो प्रथमच बसत होता. दाराचं हँडल कुठे आहे तेही शोधावं लागलं. नेडीननं गाडी पुन्हा सोडली. तो चाकांचा आवाज ऐकत होता, पण नजर तिच्या हातांवर गेली. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला सैल पडले होते. ते काहीच करत नव्हते.

आणि त्याचे? त्यानं मांडीवर पाहिलं. दोन्ही मुठी आपोआप जरा इकडे, जरा तिकडे हलत होत्या. ढिल्या स्टिअरिंगनं वर्षानुवर्षं शिकवलेलं काम त्या इमानानं करत होत्या: गाडी चुकायच्या आत तिला दुरुस्त करत राहायचं. नवी गाडी चुकत नव्हती. ती फक्त सांगितलेलं ऐकत होती. अंगण तर थंडीभर खपून सरळ केलेलं. आता बोट दाखवायला काही उरलं नव्हतं.

"नेडीन, तू दुरुस्त का करत नाहीस?"

"काय दुरुस्त करू? जातेय की नीट."

समोरून एक ट्रॅक्टर आला. तो ओळखीचाच, सावकाश येणारा, रस्त्याची आपली बाजू धरून चाललेला. तरी व्हर्लिनचा उजवा पाय जोरात खाली दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. पायाखाली रबराची चटई होती आणि तिच्यात एक खळगा होता, टाचेपुढचा, बरोबर नेडीनच्या पावलाएवढा. रबर तिथे झिजून पातळ झालेलं. त्याचा पाय मोठा, तरी नेमका खळग्यावरच पडला.

गाडीतली प्रत्येक खडखड त्याला तोंडपाठ होती. या चटईकडे त्यानं कधी वाकून पाहिलं नव्हतं.

"हे कधीपासून?" त्यानं विचारलं.

नेडीननं खाली पाहिलंसुद्धा नाही. "चटई नवी होती तेव्हापासून."

शनिवारी गावानं पाहिलं. वरातीत पांढरी छोटी गाडी नव्हती. शेव्हेल नेडीन चालवत होती, खुर्च्या मागे व्यवस्थित मावल्या होत्या आणि व्हर्लिन शेजारी बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बसला होता, हातांना काही काम असावं म्हणून. कुबड्या टेकत उभ्या असलेल्या रॉस्कोनं टोपी काढून मुजरा केला आणि ओरडून विचारलं, बॉक्स बदललास का रे?

"बॉक्स ठीक आहे," व्हर्लिन म्हणाला.

हॉटेलापाशी, पावाबाहेर दोन्हीकडे लोंबणारा पोर्कचा तळलेला तुकडा खाऊन झाल्यावर नेडीननं चावी त्याच्याकडे टाकली. परत नेताना तू, म्हणाली. मग शेजारी बसून तिनं कप्पा उघडला आणि आपला गॉगल आत ठेवला.

व्हर्लिननं हात स्टिअरिंगवर खालच्या बाजूला ठेवले. गाडी दोनदा डोलली, मग थोडी कमी. तो रस्त्याकडे बघत होता, पण अर्धं लक्ष तिच्या पायाकडे होतं. पाय खळग्यातच होता, ब्रेकवर असल्यासारखा. दिवे मागे पडले, शेतं सुरू झाली, आणि पाय अजून तिथेच होता.